असल्यास, नसल्यास

शाहूपुरीत, बॅटरीच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खाली ॲसिडचा वास, वर मी
आणि टाइप करायचे प्रश्न.
आमदार कुमुदिनी मगदूम, दुसरी टर्म,
कागदावरून नख फिरवत सांगतात :
मास्तर, विशेषण काढा.
नदी बिचारी नको. दूषितही नको.
आकडा घाला.

मी आकडा घालतो.
(१) बंधाऱ्याखाली सुमारे अडीच टन मासे मेल्याचे
दिनांक नऊ रोजी पहाटे निदर्शनास आले, हे खरे आहे काय ?
(२) असल्यास, मळीचे पाणी रात्रीत कुणी सोडले ?
(३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत ?

अकरा वर्षं हेच लिहून जिभेला वळण पडलंय.
ताटावर बसलो की तोंडातून येतं,
रश्श्यात मीठ कमी आहे, हे खरे आहे काय ?
बायको म्हणते, अंशतः खरे आहे.

टेबलावर एक बाटली असते.
रावजी भोयानं आणलेली, सरबताची जुनी, बूच ठोकून.
आणली तेव्हा काळी होती.
महिन्याभरात गाळ तळाला बसला, वरचं पाणी निवळलं.
परवा कारखान्याचा माणूस आला,
चिपाडावरच्या विजेचा दर वाढवून हवा होता त्यांना.
बोलता बोलता तहान लागली, हात बाटलीकडे गेला.
मी लगेच काही बोललो नाही.
ते एवढंसं थांबणं कुठल्या कार्यवृत्तात नाही.

तशी त्याच चिपाडाची वीज आमच्या पंख्यात येते.
ताईंना ठाऊक आहे.
चिमणी बंद करा असं त्या कधी लिहीत नाहीत,
लिहितात, धूर मोजा. रात्रीचा मोजा.

अधिवेशनाच्या तोंडावर कोमल येडगे आली.
दाजीपूरकडच्या धनगरवाड्यावरची, दहावीची,
दोन एसट्या बदलून, त्याआधी डोंगर उतरून.
म्हणाली, धरणाची लाईन आमच्या डोक्यावरनं जाती,
रात्री तार गुणगुणती, झोप लागत न्हाई.
सोलर दिलेला, त्याची बॅटरी दोन पावसाळं टिकली.
आता त्या काचंवर मिरच्या वाळत्यात.
लई झ्याक वाळत्यात.

ताई हसल्या नाहीत. खांब का अडला ?

पोरीनं पिशवीतून वनखात्याचं पत्र काढलं.
नकार. खाली आधार :
गव्यांच्या वाटेवर एकही झाड तुटणार नाही
हे मंत्रिमहोदयांचे सभागृहातील आश्वासन.
लक्षवेधी मांडणार : श्रीमती मगदूम.
टाइप मीच केली होती.
त्या रात्री गुलाबजाम वाटले होते दुकानापर्यंत.

ट्रॉल्या जात होत्या खालून, उसाच्या.
लिहा मास्तर, एक, म्हणाल्या
आणि पुढे काही सांगेनात.
कर्सर लुकलुकत राहिला.
पोरगी त्याच्याकडे बघत होती,
कुणी आतून बोलावतंय असं.

साडेअकराला फोन आला.
भूमिगत केबल, गाडीवाटेच्या कडेनं,
साडेसहा किलोमीटर, खर्च कोणत्या खात्याचा, ते विचारा.
आणि पहिल्या ओळीत घाला की हे माझ्यामुळे अडलं.
मी म्हणालो, ताई, प्रश्नात कबुली बसत नाही.
नियम आहे.
मग कशात बसते, मास्तर ?
मला सांगता आलं नाही.

नागपूरला यादीत तो अडतिसावा.
तास सहाव्यावर संपला.
बाकीचे पटलावर ठेवले असे समजावे.
लेखी उत्तर आलं :
अंशतः खरे आहे. प्रकरण तपासण्यात येत आहे.

त्याची झेरॉक्स मी पाकिटात घातली.
ताईंनी ती परत मागितली,
मागच्या कोऱ्या बाजूवर पेनानं काहीतरी लिहिलं,
आकडा एकही नव्हता,
आणि पाकीट स्वतःच चिकटवलं.

पोस्टात जाण्याआधी
बाटली उचलून हलवली मी.
काळी झाली पुन्हा, होती तशी.
कारखान्याचा माणूस सोमवारी यायचाय.